ते मेले फर्न

शालन,

तू गेल्याचे फोन मीच केले. भावोजींना बोलवेना, तुझी केतकी जिन्यात बसून होती. तुझ्याच स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनची वायर ताणून मी सिंकपाशी उभी राहिले आणि एकेकीला सांगत गेले, "शालन गेली." "गेली म्हणजे? इंडियाला?" असं विचारणारीही एक निघाली. तरी मला दुसरा शब्द काढवेना. 'वारली' म्हटलं की पेपरात छापल्यासारखं वाटतं. आणि त्याच्या पलीकडचा जो शब्द आहे तो तर तुझाच. उठता-बसता तूच वापरलास. तो तुझ्यासाठी मी कुठल्या तोंडाने वापरू?

त्या शब्दापायी आपली मैत्री व्हायच्या आधीच मोडत होती, आठवतंय? मराठी मंडळाच्या पॉटलकला मी सांबारवडी, आमची कोथिंबिरीची, नेली होती. तू एक तोंडात टाकलीस, डोळ्यांतून पाणी काढलंस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "अगं मेले, हे तिखट आहे की सूड?" बाप्पा! आमच्या नागपुरात जित्या बाईला असं म्हणून बघ. मी डबा उचलला, घरी आले आणि प्रकाशला म्हटलं, त्या चिपळूणच्या बाईचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही. तू फोनच्या मशीनवर निरोपावर निरोप ठेवलेस. शेवटचा असा होता: "मेले, रुसलीस की काय? रेसिपी हवीय मला." मग कुणीतरी समजावलं की तुमच्या कोकणात हे लाडाचं आहे. मी म्हटलं, लाड असा तर राग कसा असेल! राग आला की तू 'अहो-जाहो' करायचीस, हे पुढे कळलं.

तुझं सगळंच मेलं होतं. मेली थंडी, मेला टू-एटी-सेव्हन हायवेवरचा ट्रॅफिक, मेलं ते रिमोट, मेला तो इन्शुरन्सवाला. आणि सगळ्यांत लाडके, ते मेले फर्न.

फर्न म्हणजे आपले नेचे. पार्सिपनीत घर घेतलंस तेव्हा मागच्या अंगणात थोराड ओक होते आणि त्यांच्याखाली ऊन औषधाला नव्हतं. आपल्या बायकांचं उन्हाळ्यात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. जिच्या तिच्या तोंडी भेंडी, दुधी आणि मेथी. "तुझ्याकडे काय आलंय गं?" असं कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "सावली आलीय भरपूर, पिशवीभर नेतेस का?" पण आत कुठेतरी लागायचं तुला, मला कळायचं. टोमॅटो लावलेस, ते काटकुळे होऊन आडवे झाले. होस्टा लावलेस, हरणं जेवून गेली. मग नर्सरीतल्या म्हाताऱ्याने तुला हार्डी फर्न दाखवले. वरून थंडीत जळून जाणारे, मुळाशी जिवंत राहणारे, हरणं ज्यांना तोंड लावत नाहीत असे. तू गाडी भरून आणलेस. "चिपळूणला आमच्या विहिरीत आतल्या चिऱ्यांना असलेच नेचे होते गं," म्हणालीस. "कुणी लावले नव्हते, कुणी पाणी घातलं नव्हतं. पाणी शेंदताना तेवढे दिसायचे."

मला काही ते पटलं नाही, आजही नाही पटत. फूल नाही, फळ नाही, भाजी नाही, त्याच्यामागे गुडघे कशाला झिजवायचे? पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसले तेव्हा मीच पहिली ओरडले होते, "कीड लागली, उपट!" तू कपाळावर हात मारलास. "ती कीड नाही, ते त्यांचं बी आहे, बाई. तुम्ही लॅबमध्ये काम करता ना?" म्हणजे रागावली होतीस. माझं एकच पालुपद होतं: दोन ओक तोड, ऊन येऊ दे, कढीपत्ता लाव, माणसात ये. त्यावर तू एकदा बुद्धपौर्णिमेला माझ्याच घरी, माझीच खीर खाता खाता म्हणालीस, "तुमच्या बुद्धाला झाडाखाली सावलीत बसूनच सगळं कळलं ना? मग माझीच झाडं तोडायच्या का मागे लागलीस?" आणि वर, "वेलदोडा कमी पडलाय हं." घरी असूनही मला घरी जावंसं वाटलं.

आता ती गोष्ट सांगते, जी तुला सांगितली नाही.

ऑक्टोबरात तुझी सर्जरी झाली. केतकी कॉलेजमधून वीकएंडला यायची. ते मॅपल-ओकांच्या पानगळीचे दिवस. तू हॉस्पिटलात पडल्या पडल्या खिडकीकडे बघायचीस आणि तुझा जीव अंगणात असायचा, ओली पानं फर्नवर बसून त्यांना गुदमरवतील म्हणून. एका शनिवारी तू तिला म्हणालीस, मी समोरच होते: "घरी चाललीयेस तर मागचे ते मेले फर्न तेवढे साफ कर गं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढून मलाही त्या शब्दाची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हॉस्पिटलात आली. नखांत माती, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा उजेड. "आई, डन. मेले फर्न सगळे साफ केले." तू तिचा हात ओढून घेतलास, "गुणाची माझी पोर," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. इतक्या समाधानाने की मला बरं वाटलं. पण ते 'सगळे' माझ्या डोक्यात अडकलं. मी तिला कॉरिडॉरमध्ये नेलं.

"काय केलंस गं नक्की?"

"पुल्ड देम आउट. हिरवे ठेवले, ते ओके होते. ब्राउनवाले सगळे डेड होते, मावशी. आई म्हणाली ना, मेले."

या पोरीचं मराठी घरातलं. 'मेले' म्हणजे डेड हे तिला कुणीतरी बरोब्बर शिकवलं होतं. मी मोठी घोडी, नागपूरची, मराठीत वाढलेली, मलाच तो शब्द तसाच लागला होता आणि मी डबा उचलून घरी आले होते. तिला काय बोलणार? ती आतल्या खोलीकडे बघत होती, आईने शाबासकी दिली म्हणून अजून खुशीत. मी एवढंच विचारलं, "आणि टाकलेस कुठे?"

"पानांच्या बॅग्जमध्ये. रस्त्याकडेला, कर्बवर. उद्या पिकअप आहे."

सकाळी मी लॅबला जायच्या ऐवजी तुझ्या गल्लीत शिरले. कागदी बॅगा ओळीने उभ्या होत्या आणि टाउनशिपचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आलेला. भावोजी आत झोपलेले, रात्रभर तुझ्यापाशी बसून आलेले. कुठल्या बॅगेत पानं आणि कुठल्या बॅगेत फर्न, हे बाहेरून कळेना. मी एकेक फाडायला लागले. ऑफिसचे कपडे, वर थंडीचा कोट, आणि मी फुटपाथवर गुडघे टेकून पानं उपसतेय. समोरची गोरी बाई कुत्र्याला घेऊन उभी राहिली. "डिड यू लूज समथिंग?" म्हणाली. मी म्हटलं, "येस." ट्रक आपला एक एक घर करत जवळ येतोय, त्यातला माणूस बॅग उचलतो, फेकतो, पुढे. तुझ्या शेजाऱ्याच्या बॅगा गेल्या तेव्हा मला तुझे शहामृग सापडले. ऑस्ट्रिच फर्नना तू शहामृग म्हणायचीस. मनगटाएवढे काळे गड्डे, माथ्यावर घट्ट मिटलेल्या तपकिरी मुठी. मी ते बॅगेसकट गाडीच्या ट्रंकमध्ये कोंबले, लेडी फर्न मागच्या सीटवर, उरलेलं पुढच्या. ट्रकवाला थांबला, माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि फाटक्या बॅगांतली पानं उचलायला लागला. त्या बिचाऱ्याचं काम मी वाढवून ठेवलं होतं. गाडीला पुढे कितीतरी दिवस ओल्या मातीचा वास येत होता आणि प्रकाश म्हणायचा, आपण काय बेडूक पाळलेत का?

तुझ्या अंगणात परत लावावेत तर केतकीला कळणार, आणि त्या दिवसांत ती पोर आधीच काचेवर चालल्यासारखी चालत होती. म्हणून मी ते माझ्या गॅरेजच्या मागे लावले. माझ्याकडे सगळीकडे ऊन, तेवढ्या एका पट्टीत नाही. घाईघाईत खड्डे केले, गड्डे आत टाकले, वर माती ओढली, पाणी घातलं. अळू लावतात तसे, चांगले खोल. मला काय माहीत!

तुला घरी आणलं ते डिसेंबरात. तुझी कॉट पुढच्या खोलीत लावली, तिथून रस्ता दिसायचा, मागचं अंगण नाही. मी मनात म्हटलं, बरंच झालं. पण तू रोज विचारायचीस. "हिरवे आहेत ना गं?" थंडीतही हिरवे राहणारे ख्रिसमस फर्न जागेवरच होते, त्यांना केतकीने हात लावला नव्हता, म्हणून बर्फ झटकून त्यातली एक फांदी मी तुझ्या उशाशी आणून ठेवली. तू तिच्या पाठीवर बोट फिरवत बसलीस. मग म्हणालीस, "शहामृगांवर पानांचं पांघरूण आहे ना?" मी म्हटलं, "आहे." खोटं नव्हतं ते. पत्ता तेवढा वेगळा होता. मीही मग सहज विचारल्यासारखं करायची, 'मुळं किती ओली ठेवायची गं?'

पण एका संध्याकाळी तू केतकीलाच म्हणालीस, "एप्रिलमध्ये माझे शहामृग मुठी वर काढतील, तेव्हा मला उचलून मागच्या खिडकीशी न्यायचं. बाबांना नाही जमणार, तू आणि मावशी." केतकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातला कप तिने खाली ठेवला, इतका हळू की आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "मावशी, दे वर अलाइव्ह?"

मी सगळं सांगितलं. बॅगा, ट्रक, गॅरेज. तिने विचारलं, "विल दे लिव्ह?" मी म्हटलं, "माहीत नाही गं राणी."

त्यानंतर तुझ्या घरात आम्ही दोघी दबक्या आवाजात भांडत होतो. केतकी म्हणे, आईला सांगायचं, मला लपवता येत नाही. मी म्हणे, खबरदार! तिच्याकडे आता वाट बघायला एवढंच आहे. "पण मावशी, आय किल्ड देम. आईने एकच काम सांगितलं होतं." मी म्हणे, शब्दाचा घोटाळा झाला, तुझा नाही. ती म्हणे, "मला माझ्या आईची भाषा येत नाही." हे वाक्य तिने मराठीत म्हटलं, शालन. एकही चूक न करता. मला रडू आलं आणि रागही आला, तुझा. काऊन बोलत होतीस असं? सरळ 'फर्न साफ कर' म्हणायला काय झालं होतं?

शेवटी सांगायचं नाही असंच ठरलं, म्हणजे मी ठरवलं. ती यायची, तुझे पाय चेपायची आणि बोलायचं टाळायची. तू मला विचारलंस, "पोर घाबरलीय का गं मला?" मी म्हटलं, परीक्षा आहे.

आणि मग तो मार्चमधला रविवार. मी तुला मऊभात भरवत होते. तू दोन घास खाल्लेस, तिसरा नको म्हणालीस आणि एकदम विचारलंस, "कुसुम, तुझ्या गॅरेजच्या मागे ऊन येत नाही ना?"

माझा चमचा हवेतच राहिला. "नाही."

"गड्ड्याचं तोंड मातीच्या वर हवं हं. खोल पुरलंस तर कुजेल मेलं."

"कसला गड्डा?"

"कसलाही. तुझा अळवाचा." तू भिंतीकडे तोंड वळवलंस. थोड्या वेळाने म्हणालीस, "आणि केतकीला सांग, छान साफ केलंस म्हणून. मी सांगितलं की ती रडते."

मी घरी आले आणि कोटही न काढता गॅरेजच्या मागे गेले. जमीन नुकती सैल होत होती. मी हातानेच माती उकरली. सगळे पुरलेले, सगळ्यांच्या डोक्यावर वीतभर माती. मी एकेक वर घेतला, माथा मोकळा केला, भोवती पानं चेपली. काही गड्डे बोटाला मऊ लागले, ते गेले हे मलाही कळलं. बाकीचे घट्ट होते. घट्ट म्हणजे जिवंत का, ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायला जावं तर तुला काय म्हणून विचारू?

शालन, तुला कळलं होतं का? ज्या बाईने तुझ्या नेच्यांना इतकी वर्षं नावं ठेवली ती अचानक 'मुळं किती ओली ठेवायची गं' असं विचारायला लागली, त्यावरून? की माझ्या नखांवरून? की केतकी म्हणाली होती 'सगळे', तेव्हाच, त्या हॉस्पिटलातच? तसं असेल तर मोठी नाटकी आहेस तू. गुणाची माझी पोर म्हणालीस आणि डोळे मिटून घेतलेस! आणि मी मूर्ख तुझ्यापासून लपवत राहिले. आपण दोघी एकमेकींना जपत बसलो आणि त्यात साधं बोलायचं राहून गेलं. मला हे सहन होत नाही. तू असतीस तर आपण यावर चांगल्या कडाडून भांडलो असतो.

त्या आठवड्यात तू गेलीस.

तुझा निरोप मी केतकीला दिला नाही. हिंमत झाली नाही. फर्न आले नाहीत तर 'छान साफ केलंस' हे वाक्य तिला जन्मभर टोचेल, असं वाटलं. ती कॉलेजला परत गेली आणि घरी यायचं नावच काढेना. भावोजी एकटे ओकांखाली खुर्ची टाकून बसायचे. केतकी रोज मला फोन करायची, एकच शब्द. "एनिथिंग?" मी म्हणायची, नाही. एप्रिल संपत आला. तुझ्या अंगणातल्या ख्रिसमस फर्नना नवी पानं आली, लोकांच्या अंगणात नेचे गुडघाभर झाले, आणि माझ्या गॅरेजमागे काळी ढेकळं. मी कामावर जायच्या आधी वाकून बघायची, आल्यावर बघायची. प्रकाश म्हणाला, नर्सरीतून नवीन आणून लाव, पोरीला काय कळणार आहे? मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता.

बुद्धपौर्णिमेला मी केतकीला हुकूमच सोडला. खीर केलीय, यायचं. ती आली, गाडी लावली आणि घरात न येता सरळ गॅरेजच्या मागे गेली. मी खिडकीतून बघत होते. सकाळी मी बघितलं होतं, काही नव्हतं. म्हणजे मला दिसलं नव्हतं. दूध उतू जाईल म्हणून मी गॅसकडे वळले आणि तिची किंकाळी ऐकली.

"मावशी! मावशी, ये ना लवकर! मेले आले!"

मी पळीसकट धावले. ती मातीत गुडघे टेकून बसली होती. पानं तिने बाजूला सारली होती, आणि खाली, गड्ड्याच्या माथ्यावर, हिरव्या मुठी. सुरळीच्या वडीसारख्या घट्ट गुंडाळलेल्या, तपकिरी सालं अजून चिकटलेली. एका गड्ड्यावर, मग पलीकडच्या, मग कुंपणाजवळच्या. सगळे नाही आले गं. लेडी फर्न बहुतेक गेले. पण तुझे शहामृग आले.

केतकीने एका मुठीला बोट लावलं. तिचं नाक वाहत होतं, हात चिखलाने भरलेले. ती म्हणाली, "किती छळलं मेल्यांनी!"

शालन, अगदी तुझ्या सुरात. कुणी शिकवलं तिला हे? तुझ्यानंतर ती पहिल्यांदा रडली ती तिथे, माझ्या खांद्यावर तोंड खुपसून, आणि मग मी तिला तुझा निरोप दिला. गड्ड्याचं तोंड वर हवं, हेही सांगितलं. मग तिने विचारलं, "शी न्यू?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आम्हा दोघींना आता हे न कळताच राहायचं आहे.

पानं उलगडली की ती निम्मे गड्डे तुझ्या ओकांखाली नेणार आहे, मुळांची माती न सांडता. निम्मे माझ्याकडे राहतील. फूल नाही, फळ नाही, भाजी नाही, माझं मत काही बदललेलं नाही. रोज पाणी मात्र मीच घालतेय. ओकांबद्दल मी भावोजींकडे चकार शब्द काढणार नाही. खिरीत वेलदोडा जास्त घातला होता या वेळी, आणि ती परत परत वाढून घेताना केतकीने तुझी वाटीही मांडली.

लोकांना मी अजून 'गेली' असंच सांगते. पण काल सकाळी एकटीच गॅरेजच्या मागे उभी होते, एका मुठीतून पान सुटायला लागलं होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडून आपसूक निघाला, मोठ्याने, तुझ्यासाठी. आता ऐक, तूच शिकवलायस.

मेले, थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?